खिळ्यावर राहिलेला बिल्ला

मित्रांनो, प्रबुद्धचं लग्न झालं ते साल २०१८. लग्नाचे फोटो आजोबांना, म्हणजे किशनरावांना, घरबसल्या बघता यावेत म्हणून त्यानं मला विकत घेतलं आणि नव्या नोकरीसाठी पुण्याला निघण्याआधी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तेव्हापासून मी हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या त्या दोन खोल्यांच्या घराचा झालो.

मी एक साधा मोबाईल फोन आहे. आता म्हातारा झालो. उजव्या कोपऱ्यात काचेला तडा गेलाय, आणि पाठ निसटू नये म्हणून किशनरावांच्या बायकोनं, विमलाबाईंनी, मला दुधाच्या पिशवीवरचं रबर लावलंय. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. पट्ट्यावरून सरकताना कुणीतरी काचेवर फुंकर मारून मला पुसलं होतं, तेवढंच लक्षात आहे.

माझी गोष्ट कळायला एक मुद्दा आधी सांगायला हवा. आम्हा फोनांकडे दोन जागा असतात. एक कपाटासारखी. फोटो, गाणी, ॲप सगळं तिथं पडून असतं. दुसरी ओट्यासारखी. जे काम आत्ता चाललंय, त्याचं सामान तिथं मांडायचं आणि काम झालं की उचलायचं. या ओट्याला मेमरी म्हणतात. माझा ओटा लहान आहे. सामान वेळेवर उचललं तर मला तो पुरतो. नाही उचललं, तर काय होतं ते मी पुढं सांगणारच आहे.

किशनराव मूळचे मुखेड तालुक्यातले. तरुणपणी हैदराबादेत आले आणि एका कारखान्याच्या टूल रूममध्ये एकतीस वर्षं राहिले. कामगारांना हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची, हे त्यांचं काम. आकडे त्यांना ओळखू येत, अक्षरं येत नव्हती. २०२० साली सगळे घरात अडकले, तेव्हा त्यांची नात रोशनी हिनं माझ्यात मराठी अक्षरं टाकली आणि आजोबांना ‘क’पासून शिकवायला बसली. तोवर माझा सगळा कारभार इंग्रजीत होता. म्हणजे मित्रांनो, मराठी अक्षरं मलाही उशिराच आली. एकोणसत्तर वर्षांचे किशनराव आणि मी, एकाच वर्गातले.

विमलाबाई चौथी शिकलेल्या. त्या म्हणायच्या, “बघा, सत्तरीला टेकले अन् आता निघाले शाळंला. डबा करून देऊ का?”

“दे की,” किशनराव म्हणायचे. “पण वर्गात बोलायचं नाही.”

त्यांची शिकण्याची एक रीत होती. एक शब्द माझ्या काचेवर उघडायचा, बोट ठेवून वाचायचा, मग ते पान बंद करायचं आणि आठवून वहीत लिहायचं. लिहून झालं की बरोबर आलं का ते बघायला पान पुन्हा उघडायचं. एका शब्दासाठी पाच-पाच वेळा उघडझाप. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. या रीतीपायी त्यांचा जीव धोक्यात येईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दोन वर्षांनी किशनरावांच्या फुप्फुसांनी दगा दिला. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि बोटाला एक चिमटी आली. रक्तात ऑक्सिजन किती ते ती चिमटी सांगते. रोशनी ज्या कंपनीत काम करते, तिथं अशा आजाऱ्यांसाठी एक ॲप तयार होत होतं. चिमटीतला आकडा माझ्याकडे यायचा. तो अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला, की ॲपनं माझ्याकरवी मोठ्यानं ओरडायचं आणि रोशनीला फोन लावायचा. अजून ते बाजारात आलं नव्हतं. पण रोशनीनं ते सगळ्यात आधी माझ्यात घातलं.

“आबा, आता मी ऑफिसात असले तरी तुमच्याजवळच आहे,” ती म्हणाली. आजोबांना ती आबा म्हणते.

त्या ॲपमध्ये नोंदीचं एक पान होतं. वर घरच्यांचा फोटो, त्याखाली किशनरावांचं नाव, मग दिवसभराच्या आकड्यांचा आलेख आणि खाली एक ओळ, ‘तुमचा श्वास आज समाधानकारक आहे.’ ‘समाधानकारक’ हा किशनरावांना भेटलेला सगळ्यात लांब शब्द. तो येईपर्यंत सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

२०२३ चा डिसेंबर. गुरुवारची दुपार. विमलाबाई आत बेगम बाजारातून आणलेली चिंच निवडत होत्या. किशनराव दारातल्या खुर्चीवर वही घेऊन बसले होते आणि पान उघडत होते, मिटत होते. तिसावी वेळ, चाळिसावी वेळ. माझ्या पोटात काहीतरी अडत चाललं होतं. दर वेळी पान मिटलं, की त्याचं सामान ओट्यावरून उठायला हवं होतं. ते उठत नव्हतं. नवं पान जुन्यावर मांडलं जात होतं. माझी पाठ तापली. आकडा त्र्याण्णव होता, मग एक्क्याण्णव झाला. किशनराव ‘समाधा’पर्यंत पोचले होते. मग आकडा नव्वद.

ओटा काठोकाठ भरला. अशा वेळी फोनाला एकच गोष्ट येते. सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेल्याला बाहेर काढायचं. ते ॲपच सगळ्यात जास्त जागा अडवून बसलं होतं.

मित्रांनो, मी त्याला बाहेर काढलं. हे माझ्याच हातून झालं. त्यानंतर आकडा सत्याऐंशी झाला, चौऱ्याऐंशी झाला, आणि मला ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. मी किशनरावांच्या मांडीवर गप्प पडून राहिलो.

विमलाबाई चहाचं विचारायला बाहेर आल्या म्हणून बरं. “ओ, ऐकलं का?” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना किशनरावांची नखं दिसली. निळी पडली होती. त्यांनी मशीन चालू करून नळी नाकाला लावली.

विमलाबाईंचा फोन गेला तशी रोशनी अर्ध्या तासात आली. डॉक्टर येऊन गेले, आकडा वर चढला. मग तिनं मला हातात घेतलं. ॲप बंद पडलेलं होतं.

“गप्प बसला गं हा,” विमलाबाई म्हणाल्या. “दुपारभर हातात होता त्यांच्या. एक शब्द बोलला नाही.”

त्या वाक्यानं मला जे लागलं, ते तडा गेला तेव्हाही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोशनीनं किशनरावांना सांभाळायला स्वतःचा फोन घरी ठेवला आणि मला ऑफिसात नेलं. येत्या सोमवारी ते ॲप चारशे आजाऱ्यांच्या फोनात जायचं होतं. मधे फक्त तीन दिवस होते. तिचा वरिष्ठ हर्षद, मूळचा पुण्याचा, स्वभावानं सरळ पण घाईचा. त्यानं मला उचलून उलटंपालटं केलं.

“रबर बँडवर चाललाय हा. रोशनी, फोन बदल. ॲपमध्ये काही नाही. आमच्या एकाही फोनवर असं बंद पडलेलं नाही ते.”

“आपल्या सगळ्या फोनांची मेमरी याच्या चौपट आहे, हर्षद. त्या चारशे लोकांकडे कोणते फोन असतील? पोरांनी जुने करून दिलेले.”

“बरं, ह्याच्यावरच चालवून बघ. पडलं तर बोलू.”

त्यांनी मला दिवसभर चालवलं. एकदा पान उघडलं, आकडे बरोबर दिसतात असं पाहिलं आणि मला टेबलावर ठेवून दिलं. ॲप संध्याकाळपर्यंत सुखानं चाललं. माझा ओटा मोकळाच होता. पान उघडा आणि मिटा, पन्नास वेळा करून बघा, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण आम्हाला वाजता येतं, बोलता येत नाही.

“बघ,” हर्षद म्हणाला. “लाइट घे, मनावर घेऊ नको. सोमवारी सोडू.”

शनिवारी सकाळी रोशनीनं मला परत किशनरावांच्या हातात दिलं, एका तारेनं लॅपटॉपला जोडलं आणि स्वतः समोर मांडी घालून बसली. माझी मेमरी किती भरली हे त्या लॅपटॉपवर एका रेघेत दिसतं. किशनरावांनी वही उघडली. पान उघडलं, मिटलं. रेघ एक पायरी चढली. पुन्हा उघडलं, मिटलं. आणखी एक पायरी. उतरायचं नाव नाही.

“आबा,” रोशनी हळू आवाजात म्हणाली, “हे तुम्ही दिवसातून किती वेळा करता?”

“काय की. शब्द येईपर्यंत.”

“आणि आला का?”

“‘समाधान’ आला. ‘कारक’ राहिलाय.”

तिनं तिथूनच हर्षदला फोन लावला. तो दुपारी मेट्रोनं आला. विमलाबाईंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, “पुण्याचे ना तुम्ही? मग दुपारची झोप सोडून आलात कसे?”

“काकू, तुमच्या नातीनं झोप उडवलीय,” हर्षद म्हणाला. पण रेघ बघितल्यावर त्याचं हसू मावळलं. सत्तावन्नाव्या वेळी ॲप माझ्या ओट्यावरून पुन्हा पडलं. त्याच्या डोळ्यांदेखत.

आता मेमरी गळते हे तर कळलं. गळती म्हणजे जागा सांडून जाते असं नाही, मित्रांनो. जागा अडकून पडते आणि परत मिळत नाही. कोण अडवतंय, हे शोधायचं होतं. त्यासाठी ॲप पडत असतानाच माझ्या ओट्याचं जसंच्या तसं एक चित्र काढून लॅपटॉपवर घेतात. काय काय मांडलेलं आहे, प्रत्येकानं किती जागा घेतली, सगळं त्यात येतं. हर्षदनं यादी आकारानं लावली. सगळ्यात वर फोटो होते. तोच घरच्यांचा फोटो, सत्तावन्न वेळा.

“सापडला चोर. फोटो लहान करू.”

फोटो लहान केला. ॲप सत्तावन्नाव्याऐवजी एकशे एकोणिसाव्या वेळी पडलं.

“एवढ्या वेळा कोण उघडणार आहे?” हर्षद म्हणाला. “सोमवारपुरतं चालेल.”

“ज्याला वाचायला शिकायचंय, तो उघडेल,” रोशनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हर्षदनं मान खाली घातली. किशनरावांनी वही हळूच मिटली. आपल्या उघडझापीमुळं हे सगळं झालं, असं त्यांना वाटत होतं.

“पोरी, माझ्याच्यानं होत असंल तर मी सोडतो वाचायचं,” ते म्हणाले.

“नक्को आबा. तुम्ही सोडलं तर चूक कुठं आहे ते मला कळणारच नाही.”

रविवारी सकाळी दोघं पुन्हा बसले. एकच दिवस उरला होता. हर्षद म्हणत होता, दर तासाला ॲप आपोआप बंद करून पुन्हा चालू करू. रोशनीला ते पटत नव्हतं, कारण बंद असतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात आकडा खाली गेला तर काय? चहा निवला. खुर्चीतून किशनराव हे सगळं ऐकत होते.

“तुमचं काय हरवलंय म्हणता?” त्यांनी विचारलं.

“जागा, आबा. पान मिटलं की जागा सुटायला पाहिजे. कुणीतरी धरून ठेवलीय.”

“मग तुम्ही काय शोधताय?”

“काय काय पडलंय ते बघतोय.”

किशनराव थोडे खोकले. मग म्हणाले, “आमच्या टूल रूमात भिंतीवर खिळे होते. एकेका हत्याराला एकेक खिळा. कामगारानं नट आवळायचा पाना नेला, की त्याचा पितळी बिल्ला त्या खिळ्यावर. पाना परत केला, की बिल्ला परत. एका साली पाने लागले कमी व्हायला. आठ गेले, बारा गेले. साहेबानं सगळ्यांच्या पेट्या उघडायला लावल्या, भंगार उपसायला लावलं. पाने काय सापडेनात. मी म्हटलं, साहेब, पाना कशाला शोधता, खिळा बघा. बिल्ला कुणाचा लटकलाय ते बघा. मला नाव वाचता येत नव्हतं, पण नंबर येत होता. बाराच्या बारा खिळ्यांवर एकच नंबर. कंप्रेसरवरचा यादगिरी.”

“त्यानं चोरले होते?” हर्षदनं विचारलं.

“नाही हो, देवमाणूस. घाईत असलेला जो तो त्याचा बिल्ला मागून न्यायचा अन् त्यावर पाना घ्यायचा. पाळी सुटली की भोंगा व्हायचा, अन् घरी जाणाऱ्याचे बिल्ले आम्ही तपासायचो. यादगिरी घरीच जायचा नाही. कंप्रेसरपाशीच राहायचा. ज्याची पाळी कधी सुटत नाही, त्याच्या नावावर नेलेलं हत्यार परत येत नाही. तुमच्या यंत्रात असा कोण आहे, जो घरी जात नाही?”

रोशनीनं लॅपटॉप जवळ ओढला. त्या चित्रात एका पानावर बोट ठेवलं, की त्याला कुणी धरलंय हे साखळीसारखं दिसतं. इतका वेळ दोघं आकार बघत बसले होते, साखळी नव्हती बघितली. तिनं एक पान निवडलं, धरणाऱ्याचं नाव आलं. दुसरं निवडलं, तेच नाव. तिसरं, दहावं, चाळिसावं. तेच.

“पहारेकरी,” ती म्हणाली.

ॲपमध्ये चिमटीवर दिवसभर कान लावून बसणारा एक भाग होता. त्याचंच हे नाव. त्याला सुट्टी नाही. नोंदीचं पान उघडलं, की ते त्याच्याकडे आपलं नाव द्यायचं, ‘नवा आकडा आला की मला सांग’ म्हणून. मिटताना नाव काढून घ्यायचं मात्र ते विसरायचं. पहारेकरी बिचारा इमानदार. मिटलेल्या सत्तावन्न पानांना तो अजून आकडे सांगत बसला होता, आणि नाव त्याच्याकडे असेपर्यंत मी एकाही पानाला हात लावू शकत नव्हतो.

“पान मिटताना नाव काढायची ओळ कुणी लिहायची राहिली?” हर्षदनं विचारलं.

“मी,” रोशनी म्हणाली. “ते पान माझं आहे.”

विमलाबाईंनी नातीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन भाकरी थापायला घेतली.

ओळ एकच होती. दहा मिनिटांत लिहून झाली. नवं ॲप माझ्यात आलं आणि किशनरावांनी वही उघडली. उघडलं, मिटलं. रेघ चढली आणि उतरली. दुपार सरत आली तरी तेच. साठ झाले, नव्वद झाले, एकशे वीस झाले. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. रोशनी आणि हर्षद लॅपटॉपवर वाकून ती रेघ बघत होते, एकशे तिसावी पायरी उतरायची वाट बघत.

त्या दोघांची पाठ किशनरावांकडे होती. म्हणून त्यांना दिसलं नाही. विमलाबाई भाकऱ्या उरकून शेजारी गेल्या होत्या. किशनरावांचं बोट माझ्या काचेवर ‘क’ आणि ‘र’ यांच्या मधे थांबलं. आकडा एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. पहारेकऱ्यानं ऐकलं. या खेपेला त्याच्याकडे एकच नाव होतं आणि माझा ओटा मोकळा होता.

सत्याऐंशी.

मी ओरडलो. तड्यातून आवाज चिरकला, तरी सगळी चाळ ऐकेल असा ओरडलो. रोशनीच्या खिशातला फोन त्याच क्षणी वाजला. ती वळली तोवर हर्षदनं मशीन चालू केलं होतं. नळी नाकाला लागली. ब्याऐंशीपर्यंत उतरलेला आकडा तिथं थांबला. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत होतो. त्र्याऐंशी व्हायला किती वेळ लागला ते मला मोजता येतं, पण मी मोजला नाही. मग पंच्याऐंशी. मग एकदम नव्वद.

किशनरावांना बोलता यायला लागलं तेव्हा ते म्हणाले, “वाजला का रे?”

“वाजला, आबा.”

“मग सोमवारी सोडा तुमचं.”

सोमवारी ते ॲप चारशे घरांत गेलं. रोशनीनं कंपनीत सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक तिची होती आणि ती तिच्या आजोबांनी शोधली. तेव्हापासून नवीन काही तयार झालं, की हर्षद आधी मला मागवून घेतो. “रबर बँडवाल्यावर चाललं का?” असं विचारतो. माझी आयुष्यात झालेली ही एवढीच स्तुती, पण मला ती पुरेशी आहे. बाकीचे दिवस मी किशनरावांजवळ असायचो. ‘समाधानकारक’ त्यांना त्याच आठवड्यात आला. मग त्यांनी ‘कुकटपल्ली’ धरला.

पुढच्या वर्षभरात मी चार वेळा ओरडलो आणि चारही वेळा कुणीतरी धावून आलं. पाचव्यांदा ओरडलो तेव्हा आकडा थांबला नाही. रोशनीनं त्यांचा हात धरला होता. विमलाबाई उशाशी बसून बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणत होत्या. शेवटी रोशनीनं बोटाची चिमटी काढली, ॲप उघडलं आणि माझ्यातलं किशनरावांचं नाव स्वतःच्या हातानं काढून घेतलं. विसरली नाही.

आता मी बहुतेक वेळ खणात असतो. बाहेर काढतात तेव्हा काम असतं, हे काय कमी आहे? मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा म्हातारा फोन असेल, एखादा म्हातारा माणूसही असेल. तो हळू चालतो, एकच गोष्ट दहादा उघडून बघतो, म्हणून त्याला बाजूला सारू नका. थोडा वेळ त्याच्यासमोर बसा आणि तो काय करतो ते बघा. आणि कुणाकडून काही घेतलंत, कुणाला माझ्यासाठी थांब म्हणालात, तर निघताना तेवढं सांगून जा. नाहीतर तो बिचारा थांबूनच राहतो.

किशनराव सोनकांबळे ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, रविवारी सकाळी, कुकटपल्लीतल्या घरी वारले. त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं.